काच लागू नये म्हणून

लहान मुलाची शीर शोधायची असेल तर आधी त्याचा तळहात आपल्या हातात धरून ठेवावा. बोलत राहावं. सुई दाखवू नये, पण लपवूही नये.

*

प्रश्न सातवा : आपण मुलावर हात उचलता का? अ) कधीच नाही. ब) क्वचित. क) आठवड्यातून एकदा. ड) त्याहून अधिक.

*

"मोकळे हात बरे दिसत नाहीत गं. लेक धडधाकट आहे माझा. किमान दोन तरी घाल."

*

काचेवर काच घसरते तेव्हा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज होतो. माणसाच्या बोलण्यापेक्षा तो इतका वेगळा असतो की यंत्राला तो बाजूला काढायला काहीच कष्ट पडत नाहीत.

*

पालकांस कळवण्यात येते की चि. इंदूने आज चित्रकलेच्या तासाला कबीरच्या दंडाला चावा घेतला. ही तिसरी वेळ आहे. चौथ्या वेळी तिला बालवाडीत ठेवणे शक्य होणार नाही.

*

अ.

*

मी बार्शीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढते. सोळा वर्षं झाली. आसपासच्या गावांतून लोक लहान मुलांना घेऊन येतात आणि काउंटरवर विचारतात, "त्या हलक्या हाताच्या मॅडम आहेत का?" मशीन चालवणारे भोसलेकाका आतूनच ओरडतात, "हर्षदाताई, तुमचं गिऱ्हाईक आलं, रडत आलंय!" मी उठते, हातातल्या बांगड्या कोपराकडे सारते, त्यांच्यावर हातमोजा चढवते. बहुतेक मुलं रडत नाहीत.

माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची. इंदू. पणजीचं नाव; हल्ली पणज्यांची नावं परत आली आहेत. तिच्या वर्गात एक सरस्वती आहे, एक तुकाराम आहे आणि दोन यशोदा आहेत.

इंदू चावायची, फेकायची. शांत बसलेली असताना एकदम किंचाळायची आणि हाताला लागेल ते भिरकावायची. बालवाडीच्या चिठ्ठीखाली पालकांचे निवेदन अशी जागा होती. तिथे मी लिहिलं : कारण नसताना करते.

मग निलोफर मॅडम घरी आल्या. एका संस्थेचा पालकवर्ग होता, त्याच्या त्या आमच्या भागातल्या समन्वयक. त्यांनी चटईवर बसून डबी उघडली. आत दोन वस्तू. एक हरभऱ्याच्या दाण्याएवढी, ती माझ्या कानात घालायची. दुसरी टिकलीएवढी, ती इंदूच्या कॉलरच्या आत चिकटवायची. बायका पहिलीला दाणा म्हणायच्या. संस्थेने दिलेलं मोठं नाव कुणाच्याच तोंडी बसलं नव्हतं.

"पहिले दहा दिवस तो काही बोलणार नाही," निलोफर मॅडम म्हणाल्या. "फक्त ऐकेल. नंतर बोलेल. तुम्ही नेहमीसारखंच वागा."

"नेहमीसारखंच म्हणजे?" आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "नेहमीसारखं वागून तर ही वेळ आली."

आम्ही हसलो. त्यांच्या फॉर्ममधल्या सातव्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलं.

*

दाणा काय करतो, ते निलोफर मॅडमनी मला नंतर नीट सांगितलं. इथेच सांगून टाकते.

मूल ओरडतं. आई एक तर हवं ते देते, नाही तर मारते. दोन्ही वेळी ओरडणं थांबतं. दिलं तर मूल शिकतं की ओरडल्यावर मिळतं. मारलं तर आई शिकते की मारल्यावर शांतता होते. म्हणजे दोघंही एकमेकांना शिकवत असतात, रोज, आणि प्रत्येक वेळी धडा थोडा पक्का होतो. पूर्वी ही साखळी तोडायला तज्ज्ञ माणूस काचेपलीकडे बसायचा आणि आईच्या कानात सांगायचा : आता थांबा, आता कौतुक करा, आता लक्ष देऊ नका. त्याचा उपयोग व्हायचा. पण असे तज्ज्ञ जिल्ह्यात दोन आणि मुलं काही हजार.

दाण्याने तज्ज्ञाची जागा घेतली, आणि तज्ज्ञाला न जमणारी एक गोष्टही केली. तो घरातला प्रत्येक आवाज ऐकतो आणि कशानंतर काय होतं ते मांडत राहतो. कुकरची शिट्टी, दाराची कडी, टीव्ही, श्वास. कॉलरमधली टिकली मुलाची नाडी सांगते, बालवाडीतले आवाजही पोचवते. त्याला अर्थ कळत नाही. त्याला क्रम कळतो.

*

अकराव्या दिवशी दाणा पहिल्यांदा बोलला. बाईचा आवाज, शेजारच्या घरात राहणाऱ्या कुणाचा असावा तसा.

"हर्षदाताई, बांगड्या काढून ठेवा."

मला वाटलं, त्याच्या माइकला त्रास होत असेल. लॅबमध्येही नवीन मशीन आलं की भोसलेकाका सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावतात. मी हातावर साबण लावून बांगड्या एकेक काढल्या. दोन फुटल्या. उरलेल्या डब्यात टाकल्या.

आत्यांचं आणि माझं त्यावरून चार दिवस चाललं. शेवटी मी प्लास्टिकच्या दोन घातल्या. त्या वाजत नाहीत. आत्या म्हणाल्या, "यंत्राला आवाज सोसत नाही म्हणे. मग पोरीचं किंचाळणं कसं सोसतं?"

 हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

*

"आता पाच मोजा."

"ती ठोकळे लावते आहे. काय करते आहे तेच फक्त सांगा. प्रश्न विचारू नका."

"तिने पेला हळू ठेवला. पेला हळू ठेवलास, असं म्हणा. शहाणी आहेस असं नको."

"आत्ता तुमचा श्वास वर चढला आहे. स्वयंपाकघरात जा. पाणी प्या. परत या."

"छान."

हे 'छान' मला आवडायला लागलं. चाळीस वर्षांच्या बाईला दिवसातून वीस वेळा कानात कुणी छान म्हणालं तर काय होतं, ते ज्यांनी दाणा घातला नाही त्यांना कळायचं नाही. माझे यजमान हेमंत एकदा म्हणाले, "तू हल्ली एकटीच हसतेस." मी म्हटलं, "अहो, तुम्ही म्हणा ना छान, मग तुमच्याकडे बघून हसते." ते म्हणाले, "छान." आणि पेपर वाचायला लागले.

तीन महिन्यांत इंदूने कुणालाही चावा घेतला नाही. भिरकावणं आठवड्यातून एकदा, मग तेही नाही. बालवाडीची चौथी चिठ्ठी आली, तिच्यात तिने काढलेलं मांजर होतं.

एकदा मी भाजी निवडत होते. ती मागून आली आणि तिने माझ्या पाठीला पाठ लावली. तशीच बसून राहिली. दाणा काहीच बोलला नाही. नाडीचा आकडा बघून गप्प राहिला असेल.

संक्रांतीच्या आधी निलोफर मॅडमचा फोन आला. आमच्या गटात माझे गुण सगळ्यांत जास्त. माझ्या घरातलं निवडक ध्वनिमुद्रण नव्या आयांना नमुना म्हणून ऐकवणार. मी मार्गदर्शक आई. रविवारी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात सत्कार. "एक संमतीपत्र भरायचं आहे, सोमवारी भरू. जुनीच उत्तरं त्यात उतरतील."

मी लॅबमध्ये पेढे वाटले. भोसलेकाका म्हणाले, "पोरगी सुधारली म्हणून पेढे? आमच्या वेळी पोरं आपोआप सुधारायची."

"तुम्ही कुठं सुधारलात, काका?"

*

सभागृहात दीडशे बायका. दाराशी कासारणीबाई मांडी घालून बसलेल्या, पुढे रंगांचे ढीग. येईल तिला बांगड्या भरून आत सोडत होत्या. संस्थेकडूनच होत्या.

मी म्हटलं, "मला नको. माझ्या दाण्याला चालत नाहीत."

"कुणाला?"

"यंत्राला हो, तिच्या कानातल्या," आत्या मागून म्हणाल्या. "आज सत्कार आहे तिचा. आज तरी भरा. माझ्या देखत भरा."

कासारणीबाईंनी माझा हात दाबून पाहिला. "मऊ आहे हात. दोन-चारच्या मापाच्या बसतील." हिरव्या काचेच्या सहा-सहा भरल्या. मला ऐनवेळी वाद नको होता. खरं सांगायचं तर मला त्या हव्याच होत्या. साडीवर चांगल्या दिसत होत्या.

इंदू तेव्हा शेजारच्या यशोदाबरोबर खुर्च्यांमधून पळत होती.

नाव पुकारलं. मी इंदूला घेऊन व्यासपीठावर गेले. खालून आरडाओरडा : "नाव घ्या! नाव घ्या!" कुणीतरी म्हणालं, "दाण्यानं सांगितलेलं नको हं, स्वतःचं घ्या!" सगळ्या हसल्या. मीही हसले, माइक पुढे ओढला आणि म्हटलं,

"संक्रांतीच्या ताटात हलव्याचे दाणे,
हेमंतरावांचं नाव घेते, ऐका इंदूचे गाणे."

टाळ्या. इंदूलाही मजा वाटली, तिने माइकमध्ये "ऐका!" म्हणून घेतलं. मग निलोफर मॅडमनी तिळगुळाचं मोठं ताट माझ्यापुढे धरलं. मार्गदर्शक आईच्या हातून पहिला तिळगूळ वाटायचा होता. ताट जड होतं. दोन्ही हात लागणार होते.

मी बांगड्या मागे सारल्या. आधी डाव्या हातातल्या, मग उजव्या. माइक तिथेच होता. तो आवाज सभागृहभर गेला.

इंदू खाली बसली. बसली म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन जमिनीला चिकटली, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढे.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. "आई, मी काही नाही केलं."

तेही माइकवर गेलं.

दीडशे बायकांना बांगड्या मागे सारणं माहीत होतं.  पहिल्या रांगेतल्या एका बाईने हळूच आपले हात पदराखाली घेतले.

दाणा म्हणाला, "ताट खाली ठेवा. तिच्याएवढं खाली बसा. हात तिला दिसतील असे ठेवा."

मी तसं केलं. मी जे काही केलं ते दाण्याने सांगितलं म्हणून केलं. माझा स्वतःचा, पहिला विचार वेगळा होता. कुणी चित्रीकरण करतंय का, हे मी पाहत होते.

*

बिनचालकाच्या रिक्षात आम्ही तिघी. इंदू आत्यांच्या मांडीवर झोपलेली. मी पदर हातांवर गुंडाळून बसलेले.

रिक्षाने विचारलं, "प्रवास सुखकर होतोय ना?"

"गप बस," आत्या म्हणाल्या.

नंतर बऱ्याच वेळाने, बाहेर बघत : "हेमंतला मी उलथन्यानं मारायचे. दंडावर डाग आहे बघ त्याच्या. तो सायकलवरून पडल्याचा म्हणून सांगतो."

"मला माहीत नव्हतं, आत्या."

"त्यालाही आता तसंच वाटतं, सायकलवरून पडलो म्हणून."

*

आता ते लिहिते.

मी इंदूला मारायचे. रोज नाही, पण एखाद्या दिवशी दोन-तीनदा. आठवड्यातून एकदाच असंही नाही. पाठीत, दंडावर, एकदा तोंडावर. मारायच्या आधी मी बांगड्या मागे सारायचे. काच फुटली तर तिला लागेल, ही मला काळजी. खरोखर काळजी. मी मनाशी म्हणायचे की रागातसुद्धा मला एवढं भान आहे, म्हणजे मी मारणाऱ्या बायांपैकी नाही.

फॉर्मवर 'अ' लिहिताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं.

*

सोमवारी निलोफर मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला. संमतीपत्र टेबलावर तयार होतं.

"रविवारचा तुकडा काढून टाकू," त्या म्हणाल्या. "होतं असं गर्दीत. मूल बावरतं."

"मला माझी नोंद बघायची आहे. पहिल्या दहा दिवसांची."

"ती आयांना दाखवत नाही आम्ही."

"माझ्या घरातले आवाज आहेत ते, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडदा माझ्याकडे फिरवला.

नवव्या दिवसाअखेर एकूण. काच-ध्वनी, मनगटाकडून कोपराकडे : १४ वेळा. त्यानंतर साडेतीन सेकंदांच्या आत मुलीचा उद्रेक : १३ वेळा. उद्रेकानंतर आघात-ध्वनी : ११ वेळा. सूचना : आईस बांगड्या काढण्यास सांगावे. बालवाडीतील शिक्षिकेस चित्रकलेच्या तासाआधी बांगड्या काढण्यास कळवावे. कारण : सांगू नये.

चौदातल्या एका वेळी इंदू झोपली असणार. उरल्या तेरा. तेरातून अकरा गेले की दोन. त्या दोन वेळा मी तिला मारलं नव्हतं. मी फक्त कणीक मळायला बसले होते. तेव्हाही तिने हातातलं फेकलं आणि ती किंचाळली.

कारण नसताना करते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला नाही हो. दाण्याला. मीही ही नोंद आत्ताच बघतेय." त्यांचा चेहरा उतरला होता. "सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये कारण सांगून पाहिलं होतं. दहातल्या सहा आयांनी दाणा काढून कपाटात टाकला. लाज वाटली की माणूस यंत्र काढतो, आणि मुलांचं जे चाललेलं असतं ते तसंच चालू राहतं. म्हणून नियम केला. आईला लाज वाटेल असं वाक्य दाणा बोलत नाही. काय करायचं तेवढंच सांगतो."

"आणि उरलेल्या चार?"

"कोण चार?"

"ज्यांना कारण सांगितलं आणि ज्यांनी दाणा काढला नाही. त्यांचं काय झालं?"

निलोफर मॅडमनी थोडा वेळ पडद्यात शोधलं. "चारांवर कार्यक्रम उभा राहत नाही, ताई. त्यांचं वेगळं कुणी पाहिलेलं नाही."

चहा आला. 

मी मनात जुळवून पाहत होते. बांगड्या गेल्या, म्हणून इंदूचं किंचाळणं गेलं. किंचाळणं गेलं, म्हणून माझं मारणं गेलं. दाण्याने मला बरंच शिकवलं, पाच मोजायला, पाणी प्यायला. पण तीन महिने मी मारलं नाही ते मुख्यतः यामुळे की मारायला निमित्तच मिळालं नाही. माझं काय झालं होतं ते मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी संमतीपत्र ओढून घेतलं. सातव्या प्रश्नापुढे 'अ' छापून आला होता. तो खोडला आणि 'ड' लिहिला.

"असं भरलंत तर तुमचा नमुना रद्द होईल," निलोफर मॅडम म्हणाल्या. "आणि नोंद वर जाईल. कुणीतरी घरी येईल, विचारेल. तुमच्या लॅबपर्यंतही जाऊ शकतं ते. लहान मुलं येतात तुमच्याकडे."

"हो."

"मी हे आत्ता पाहिलं नाही असं करू शकते. तुम्ही दुसरा कागद घ्या. मुलगी चांगली आहे आता. काय बिघडतंय?"

त्या मनापासून म्हणत होत्या. मला दुसरा कागद घ्यावासा वाटला, हेही खरं आहे. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग कागद त्यांच्याकडे सरकवला.

*

मी घरी आले आणि आत्या देवळात गेल्या. इंदू खिडकीखाली उन्हात बसली होती, बाहुलीला चड्डी घालत होती. चड्डी डोक्यातून घालायचा प्रयत्न चालला होता.

मी समोर बसले. हिरव्या बांगड्या काढून आणलेल्या होत्या, अकरा. बारावी काढताना फुटली. त्या फरशीवर ठेवल्या, न वाजवता.

दाणा म्हणाला, "ती खेळते आहे. काय करते आहे ते सांगा."

मी दाणा कानातून काढला, डबीत ठेवला.

"इंदू, मी तुला मारायचे."

"हो," ती बाहुलीकडे बघत म्हणाली.

"ते चुकीचं होतं. तू काही केलं नव्हतंस तेव्हाही, आणि केलं होतंस तेव्हाही."

"बांगड्या मागे करून," ती म्हणाली. मी सांगायला विसरले असं तिला वाटलं असावं.

"हो. बांगड्या मागे करून."

"का?"

"तुला काच लागू नये म्हणून."

तिने बाहुली खाली ठेवली. 

"पण हात लागायचा ना."

यावर काय बोलायचं ते सांगणारं कानात कुणी नव्हतं. "हो," मी म्हटलं. "हात लागायचा."

"आता परत मारशील?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. सातव्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आठवलं. "मला मारायचं नाहीये," मी म्हटलं. "राग आला तर मी उठून बाहेर जाईन. गेले नाही तर तू आजीला हाक मार. मोठ्याने मार."

"केवढ्या मोठ्याने?"

"किंचाळ."

हे तिला पटलं. मग तिने फरशीवरच्या बांगड्यांकडे पाहिलं. एक उचलली, हातात घातली. मग दुसरी. त्या तिला खूप मोठ्या होत्या; चार-पाच घातल्या आणि हात वर केला तसा त्या खळ्कन कोपरापर्यंत घसरल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. हात तसाच वर होता.

मी डोळे मिटले. ठरवून नाही. मिटले गेले.

काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती दुसऱ्या हाताने एकेक बांगडी खाली मनगटाकडे आणत होती, तोंडाने मोजत. तिला चारच्या पुढे सात येतात.

*

इंदू पोटात असताना सातव्या महिन्यात आत्यांनी मला हिरव्या बांगड्या भरल्या. त्या वाजल्या की ती आतून हलायची. ती हलावी म्हणून मी मुद्दाम हात हलवायचे.